औंढ्याच्या उतारावरचा नमस्कार

अप्पा, माझ्या गाडीत आता क्लिनर नसतो. त्याच्या जागी कॅमेरा आहे. समोरच्या काचेच्या वर बसवलाय, बोराएवढा, काळा. त्याचं एक तोंड रस्त्याकडं असतं आणि दुसरं माझ्याकडं. मी जांभई दिली की त्याला कळतं, मान वळवून शेतातल्या म्हशीकडं बघितलं तरी कळतं, आणि डोळे जरा जास्त वेळ मिटले की तो असा कोकलतो की मेलेला माणूस उठून बसावा. हे लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाला काय लिहितोय. राहू द्या, खोडत नाही. तुम्हाला असल्या बोलण्याचा कधी राग येत नसे.

कारखान्याच्या गेटाबाहेर गाड्यांची रांग लागली आहे. माल खाली करायचा आहे, पण नंबर कधी लागेल ते गेटवरच्या माणसालाही माहीत नाही. दुपारचं ऊन आहे. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर ट्रेलरखाली चटई टाकून घोरत पडला आहे, त्याच्या पायावर माश्या बसतात तरी त्याला पत्ता नाही. मी आपला केबिनमध्ये बसून तुम्हाला लिहून राहिलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा आहे. आरशात बघितलं की कधीकधी वाटतं, हा माणूस अप्पांचा थोरला भाऊ शोभेल. तरी तुम्हाला अरेतुरे करायची माझी अजून छाती नाही.

तुमची गाडी मला अजून जशीच्या तशी दिसते. सुताराकडून करून घेतलेली लाकडी केबिन, मधोमध इंजिन, त्याच्यावर ओलं पोतं टाकलेलं, आणि तरीही उन्हाळ्यात डाव्या पायाला चटके बसायचे. बारावीला नापास झालो त्या उन्हाळ्यात तुम्ही मला सोबत घेतलं. तुमचा नेहमीचा क्लिनर लग्नाला म्हणून गावी गेला होता आणि घरी माझं तोंड बघायची तुमची इच्छा नव्हती, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, घरी लोक मला बोलतील म्हणून तुम्ही मला उचलून नेलं. तुम्ही हे कधी बोलला नाहीत. तुम्ही फक्त म्हणालात, "बस. खिडकीतून हात बाहेर काढू नको." आणि गाडी काढली.

औंढ्याच्या अलीकडं रस्ता उताराला लागतो आणि झाडीतून नागनाथाच्या देवळाचं शिखर दिसतं. तिथं तुमचा नमस्कार ठरलेला. हात आधी स्टेरिंगला, मग छातीला, मग कपाळाला, आणि डोळे मिटून. डोळे मिटायच्या आधी तुम्ही म्हणायचे, "धर." मी रस्ता धरायचा. धरायचा म्हणजे नुसता बघायचा, स्टेरिंगला हात लावायचा नाही. तुमचे डोळे उघडले की तुम्ही "हां" म्हणायचे आणि मग माझी पाळी. त्या लाइनीवरच्या जवळजवळ सगळ्याच गाड्यांत असं चालायचं. एकानं हात जोडायचे, दुसऱ्यानं रस्ता धरायचा. दोघांनी एकदम डोळे मिटायचे नाहीत. मला ते फार आवडायचं. बारावीला नापास झालेल्या पोराच्या भरवशावर तुम्ही डोळे मिटत होता, एवढा भरवसा माझ्यावर तेव्हा दुसरं कुणीच ठेवत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यातली एक दुपार आहे. जेवण करून निघालो होतो. औंढ्याच्या आधीचा तो सपाट, सरळ रस्ता, दोन्ही बाजूला नांगरून टाकलेली काळी रानं, आणि माझी मान डुलायला लागली. "काय रे, झोप आली का?" "न्हाई अप्पा." थोड्या वेळानं माझं कपाळ काचेवर आपटलं. "आता?" "न्हाई न्हाई." तुम्ही गाडी एका लिंबाखाली उभी केली आणि म्हणालात, "उतर खाली." मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. तुम्ही हात उगारला नाहीत. म्हणालात, "भूक लागली म्हनतूस, तहान लागली म्हनतूस. मंग झोप आली म्हनायला काहून लाज वाटती? ज्याला ते म्हनता येत न्हाई, त्यानं ह्या लाइनीत यायचंच न्हाई." मग गाडीखाली गोणपाट टाकून तुम्ही स्वतःच झोपलात. मी अपमानानं फुगून जागाच राहिलो आणि तुमच्या घोरण्याचा आवाज ऐकत बसलो. उठल्यावर तुम्ही गाडग्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि जणू काही झालंच नाही अशी गाडी सुरू केली.

ही दुपार मी पुढं कितीतरी जणांना सांगितली. सांगावीच लागली. कारण त्यानंतर दोन उन्हाळे गेले आणि तुम्ही गेलात, आणि लोक म्हणाले, डोळा लागला.

दुपारचीच वेळ होती. गाडीत केळी होती. मालकानं तुमचा क्लिनर दुसऱ्या गाडीवर पाठवला होता, म्हणून तुम्ही एकटेच होता. औंढ्याच्या अलीकडं गाडी हळूच रस्ता सोडून खाली उतरली आणि एका लिंबाच्या झाडावर गेली. दुसऱ्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. पंचनामा करणाऱ्या हवालदारानं खाली बघितलं, झाडाकडं बघितलं आणि म्हणाला, डोळा लागला असंल. मालक म्हणाला, डोळाच लागला, दुसरं काय. झालं, संपलं. माणसानं आयुष्यभर गाडी चालवली, एवढ्या लांबलांबच्या फेऱ्या केल्या, आणि त्याच्या नावापुढं राहिलं काय, तर डोळा लागला. मायनं मात्र ते कधी मानलं नाही. ती तेव्हा हवालदाराला म्हणाली होती, "माहे धनी झोपनारे न्हाईत. तितून देवाचं शिखर दिसतंय. त्यायनं हात जोडले असतील. धरनारं कुनी नव्हतं बाजूला."  बिचाऱ्या हवालदारानं मान खाली घातली. पण मायनं त्या दिवशी जे धरलं ते अजून सोडलं नाही.

मीही सोडलं नाही. मी कुणाच्या गाडीवर काम मागायला गेलो की तिथले लोक एकमेकांकडं बघायचे. तुमचा मालक तर तोंडावर म्हणाला, "तुह्या बापावानी तुहा बी डोळा लागला म्हंजी?" मी त्याला ती गोणपाटाची दुपार सांगितली. जो माणूस झोप आली की गाडी उभी करून झोपायचा, तो स्टेरिंगवर कसा झोपेल, हे माझं म्हणणं. त्यानं ऐकून घेतलं आणि गाडी दिली नाही. मग दुसऱ्याकडं मिळाली, तिसऱ्याकडं मिळाली, आणि प्रत्येक ठिकाणी मी ती दुपार सांगत राहिलो. खरं सांगायचं तर गाडी चालवणं हा माझा दुय्यम धंदा झाला होता. मुख्य धंदा तुम्ही झोपला नव्हता हे सांगत फिरण्याचा. ते माझ्यासाठी इतकं मोठं होतं की मायला औषध आणायचं विसरलो असेन, पण हे विसरलो नाही.

आता मी एका मोठ्या कंपनीच्या गाडीवर आहे. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आमच्या लाइनीत घोडा म्हणतात, तसला घोडा. केबिनला एसी आहे. सीट हवेवर वरखाली होते, खड्डा पाठीला कळत नाही. बेल्ट लावला नाही तर पिंपिं करतो. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तर पिंपिं करतो. समोर काही आलं आणि मी ब्रेक मारला नाही तर स्वतः ब्रेक मारतो. पहिल्या दिवशी मी मायला आत बसवून दाखवलं. ती सीटवर बसून वरखाली झाली आणि लहान पोरीसारखी हसली. मग कॅमेऱ्याकडं बघून तिनं पदर सारखा केला.

ढाब्यावर आमचं दुसरं बोलणंच नसतं. तुमच्या वेळी तुम्ही लोक टायर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर वाद घालायचे, आम्ही सेफ्टीवर घालतो. काही दिवसांपूर्वी आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या ढाब्यावर आम्ही तिघं बसलो होतो. एक बसमतकडचा तरुण ड्रायव्हर, नवीनच गाडी मिळालेला, आणि एक वाशिमकडचा म्हातारा, ज्याच्या कंपनीनं मागच्या महिन्यात सगळ्या गाड्यांना कॅमेरे लावले.

तरुण म्हणाला, "माह्या घोड्याला रडार हाय. समोर म्हैस आली तरी आपूनच थांबतो. तुमच्यात हाय का?"

म्हातारा म्हणाला, "हाय ना गा. पन तो पुलाखालून जातानी बी थांबतो. त्याले पूल म्हंजी भिंत वाटते. मांगून येनारा शिव्या देते मले, आन् मी देतो घोड्याले."

"आमच्यात तसं न्हाई. आमचा भारी हाय."

"भारी हाय तं सांग, त्या पट्ट्याचं काय? आपल्या रोडवर पट्टाच न्हाई, तं वलांडनार काय? माहा घोडा दिवसभर गप. हायवेवर गेला की बोंबलतो."

मी सांगितलं की साखऱ्याकडून येताना धनगराचा कळप आडवा आला तेव्हा माझी गाडी आपोआप थांबली होती. शेवटची लंगडी शेळी जाईपर्यंत गाडी हलली नाही, आणि धनगर मला हात जोडून गेला. त्याला वाटलं मीच थांबवली. मी सुद्धा हात हलवला, जसं काही माझंच श्रेय. यावर दोघंही हसले. मग तरुणानं विचारलं, डोळ्याच्या कॅमेऱ्याचं कसं काय. म्हाताऱ्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. 

"माहे डोळेच बारीक हायेत गा," तो म्हणाला. "मायच्या पोटातून असेच आनले. कॅमेऱ्याले वाटते मी झोपेलच हाव. दिवसभर कोकलते. म्या सायबाले सांगतलं, तं सायब म्हने डोळे मोठे करून चालवा. आता मी घुबडावानी डोळे फाडून चालवतो. संध्याकाळी डोळ्यातून पानी गळते."

त्यानं करून दाखवलं. आम्ही पुन्हा हसलो, पण या वेळी लवकर थांबलो. शेवटी कुणाची गाडी भारी हा वाद मिटला नाहीच. तरुण म्हणत राहिला, आमचीच. मग म्हाताऱ्यानं त्याला एक साधी गोष्ट विचारली. "तुह्या कॅमेऱ्यानं तुले उठवलं, बराबर. मंग झोपू देते का तुले?"  उत्तर आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गाडी झाडाखाली उभी केली की कंट्रोल रूममधून फोन येतो, गाडी काहून उभी हाय. झोप आली म्हणून सांगितलं की म्हणतात, चहा घ्या आणि निघा, माल वेळेवर पोचला पाहिजे. झोपू नको म्हणणारं आमच्याकडं सगळं आहे अप्पा. झोप म्हणणारं कुणी नाही.

मी तेव्हा त्या दोघांना हे सांगितलं नाही की दुसऱ्याच दिवशी मला डेपोत बोलावलंय. तीन वेळा कॅमेऱ्यानं मला झोपलेलं पकडलं होतं. तिन्ही वेळा औंढ्याजवळ. मला त्याची फिकीर नव्हती, उलट मनातून मी खूश होतो. कारण मला माहीत होतं की तो नमस्कार आहे. तुमच्यासारखाच मी अजूनही शिखर दिसलं की हात कपाळाला लावतो आणि डोळे मिटतो. धर म्हणायला बाजूला कुणी नसतं, ही गोष्ट खरी, पण सवय जात नाही. आणि मला वाटत होतं, आता साहेबाच्या टेबलावर, स्क्रीनवर, सगळ्यांसमोर दिसेल की औंढ्याजवळ डोळे मिटणारा माणूस झोपलेला नसतो. इतक्या वर्षांत कुणी ऐकलं नाही, ते आता मशीन सांगेल. मी डेपोत जाताना इस्त्रीचा शर्ट घातला होता. तुमची बाजू मांडायला चाललो होतो ना.

सेफ्टीचा साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. चांगला पोरगा आहे, काका म्हणतो. त्यानं मला खुर्ची दिली आणि स्क्रीन माझ्याकडं वळवला. एका बाजूला माझं तोंड आणि दुसऱ्या बाजूला समोरचा रस्ता. पहिल्या चित्रात मी स्टेरिंगला हात लावतो, छातीला लावतो, कपाळाला लावतो, डोळे मिटतो. स्क्रीनच्या रस्ता दाखवणाऱ्या बाजूला उतार आणि झाडीतून पांढरं शिखर. "हे काय काका?" "नमस्कार साहेब. नागनाथाला." तो हसला. दुसऱ्या चित्रात तेच. "काका, हात जोडा हो, पण डोळे उघडे ठेवून जोडा. देव काही रागवत नाही." मी म्हणालो, व्हय साहेब. माझा ऊर भरून आला होता. मला वाटत होतं, तिथून उठून तुमच्या मालकाच्या घरी जावं, तो असला नसला तरी त्याच्या दारात उभं राहून ओरडावं.

मग त्यानं तिसरं चित्र लावलं.

मी दोन्ही हातांनी स्टेरिंग धरलं आहे. माझे डोळे हळूहळू मिटतात. हात जागचे हलत नाहीत. हनुवटी जराशी खाली येते, तोंड अर्धं उघडतं. मग कॅमेरा कोकलतो आणि मी दचकून वर होतो, इकडंतिकडं बघतो, आणि तेव्हा, त्यानंतर, घाईघाईनं माझा हात छातीला आणि कपाळाला जातो. मी ते बघत बसलो. ती वेळ मला आठवत होती अप्पा. आठवणीत तो नमस्कारच होता. मी खोटं बोलत नव्हतो. हात कपाळाला गेला होता एवढं मला आठवत होतं, फक्त तो कधी गेला ते उलटं आठवत होतं.

आणि दुसऱ्या बाजूला रस्ता होता. तो उतार नव्हता. उताराच्या आधीचा सपाट रस्ता होता, आणि डाव्या हाताला एक लिंबाचं झाड. बुंध्यावर गाठ आलेलं, सालीला जुनी जखम असलेलं. तुमची गाडी ज्याच्यावर गेली ते झाड, मी कुठंही ओळखेन. इतकी वर्षं मी त्याच्याजवळून जाताना त्या झाडाकडंच बघतो, समोर बघत नाही, आणि ते मागं गेलं की मग समोर बघतो तेव्हा शिखर दिसतं. माझ्या डोक्यात झाड आणि शिखर एकाच जागी होती. मायच्या बोलण्यात दोन्ही एकाच जागी होती, म्हणून. कॅमेरा मात्र समोर बघत होता. त्या झाडापाशी समोर फक्त माळ आहे, आडवा, उघडा, आणि त्याच्या पलीकडं काही दिसत नाही. शिखर पुढं आहे, माळ ओलांडल्यावर. त्या झाडापासून नागनाथ दिसत नाही अप्पा.

साहेबानं विचारलं, "हा पण नमस्कारच ना काका?"

तो लातूरकडचा आहे. त्याला कुठून शिखर दिसतं आणि कुठून नाही हे कसं कळणार? त्यानं हात कपाळाला गेलेला बघितला होता, तेवढं त्याला पुरेसं होतं. मी म्हणालो, "व्हय साहेब." त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि तिन्ही लाल खुणा हिरव्या झाल्या. मला म्हणाला, यापुढं मात्र जपा, पुन्हा आलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. मी त्याचे आभार मानले. बाहेर आलो आणि डेपोच्या नळाखाली डोकं धरलं. नोकरी वाचली होती. 

त्या संध्याकाळी मी साखऱ्याला घरी गेलो. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. तिनं विचारलं, "काहून बलावलं व्हतं रे तुला?" मी म्हणालो, काही नाही, मी औंढ्याला हात जोडतो ते कॅमेऱ्याला झोप वाटली. तिचे हात थांबले. पिठाचे हात तसेच वर धरून तिनं माझ्याकडं बघितलं.

"मंग? कळलं का त्यायला?"

"कळलं. साहेबानं बघितलं. नमस्कार हाय म्हणाला."

"मशिनीत दिसलं?"

"दिसलं."

अप्पा, तिचं तोंड मी काय सांगू. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत तिच्याकडं बघितलंच नाही. "म्या काय म्हनत व्हते?" ती म्हणाली. "म्या इतके दिस काय म्हनत व्हते? त्यायच्या गाडीत आसला कॅमेरा आसता तं लोकाईची तोंडं तवाच बंद झाली आसती." मग तिनं डोळ्याला पदर लावला, आणि त्याच डोळ्यांनी हसली. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई आली, तिला सांगितलं. चुलतीला फोन करून सांगितलं. माझ्या पोरीला शाळेतून आल्या आल्या सांगितलं की तुझा आजा झोपला नव्हता, आता मशीननं पण सांगितलंय. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. तिच्या आयुष्यात इतका आनंद मी किती दिवसांनी बघितला असेल, आणि तो मी दिलेला होता, आणि मला तिथून उठून जीव द्यावासा वाटत होता.

कारण तुम्ही झोपला होता. मला आता हे दिसतं, स्क्रीनवर दिसल्यासारखं दिसतं. स्टेरिंगवर दोन्ही हात, डोळे हळूहळू मिटतात, हनुवटी खाली येते. कोकलणारं कुणी नाही. आणि ती गोणपाटाची दुपार मी जी जगभर सांगत फिरलो, तिचा काय उपयोग? केळी होती गाडीत. उन्हात केळी पिकतात, काळी पडतात, व्यापारी माल घेत नाही. कोणत्या तोंडानं तुम्ही गाडी लिंबाखाली उभी करणार होता? क्लिनर दिला नव्हता, झोपायला वेळ दिला नव्हता, आणि वर म्हणाले, डोळा लागला. ते खरंच बोलले. हे मला सहन होत नाही. ते खोटं बोलले असते तर मी आयुष्यभर त्यांच्याशी भांडलो असतो, भांडतच होतो. आता माझ्याकडं भांडायलासुद्धा काही नाही. आणि तुमच्याबद्दल मला राग यावा अशी एक जागा शोधतो तर तीही सापडत नाही, कारण त्या झाडापाशी मीही झोपलो होतो, एसीत, हवेच्या सीटवर, सगळी यंत्रं चालू असताना. मला उठवलं आणि तुम्हाला उठवलं नाही, एवढाच फरक.

आता मी त्या झाडापाशी आलो की मुद्दाम हात कपाळाला लावतो, डोळे उघडे ठेवून. पुन्हा कधी कोकललंच तर साहेबाला काही वेगळं वाटू नये म्हणून. बघा, तुमच्या जागेवर मी आता हे करतो. देवाला नाही, कॅमेऱ्याला हात जोडतो. आणि घरी माय रोज विचारते, आज नमस्कार केला का रे. मी म्हणतो, केला.

गेटवरच्या माणसानं शिट्टी मारली. पुढच्या चार गाड्या सरकल्या, चटईवाला ड्रायव्हर डोळे चोळत चटई गुंडाळतोय. हा कागद कुणाला दाखवण्यासारखा नाही, मायच्या हाती तर पडताच कामा नये. गाडी खाली झाली की फाडून टाकीन. रिकामी गाडी घेऊन परत त्याच रस्त्यानं जायचं आहे, आणि मी पोचेन तेव्हा त्या सपाटीवर उन्हं तशीच असतील. मला लिंबाखाली उतरवायच्या आधी तुम्ही विचारलं होतं, झोप आली का, त्याला मी तेव्हा न्हाई म्हणालो होतो. नंतर मालकांना न्हाई म्हणालो, कंट्रोल रूमला न्हाई म्हणतो, त्या दिवशी साहेबाला व्हय म्हणालो, तेही न्हाईच होतं. तुम्हाला एकट्याला म्हणतो. मला झोप येते, अप्पा. रोज येते.